मॅचिंगवाले नंदूभाऊ

स्नूकरचा डाव, म्हणजे फ्रेम, चालू असताना नंदूभाऊ बसत नसत. स्वतःची पाळी नसली तरी नाही. समोरचा खेळत असताना स्नूकरचा खेळाडू खुर्चीत टेकतो, पाणी पितो, रुमालानं तळहात पुसतो. नंदूभाऊ मात्र टेबलाच्या कोपऱ्यापासून दोन हात लांब, क्यूची काठी छातीशी धरून उभे. चहा आला तर गार होई. फोन वाजला तर वाजून बंद पडे. कुणी बोलायला गेलं तर डावा पंजा वर करून थांबवत आणि टेबलावरचा शेवटचा चेंडू थांबल्यावरच वळत. "हं, बोला आता. चेंडू फिरून राह्यले की बोलायचं नाई."

आम्हाला वाटायचं, काय एकाग्रता आहे या माणसाची.

कारंज्यात जुन्या जिनिंगच्या आवारात आमचा क्लब आहे. कापसाचे दिवस चांगले असताना तिथल्या कुणा गोऱ्या मॅनेजरनं बारा फुटी टेबल आणवलं, ते अजून आहे. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, मध्ये टेबलावर ताणलेली हिरवी बनात आणि तिच्यावर लोंबणारे दिवे. माझे यजमान तिथे खेळायला जात आणि वर्षाच्या स्पर्धेचं वेळापत्रक कसं कुणालाच जमत नाही, याची तक्रार घरी येऊन करत. मी सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. तक्रार ऐकण्यापेक्षा काम उरकणं मला सोपं जातं. एका रविवारी कागद घेऊन बसले आणि सामने लावून दिले. पुढच्या वर्षी गुण लिहायला बसवलं. त्याच्या पुढच्या वर्षी नागपूरला जाऊन पंचाची परीक्षा दिली. पांढरे हातमोजे घालून चेंडू जागेवर ठेवणारी बाई पाहायला पहिले काही दिवस लोक खिडकीशी उभे राहत. मग सवय झाली.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांना एवढंच पुरे: टेबलावर पंधरा लाल चेंडू असतात आणि सहा रंगीत. आधी लाल पॉकेटमध्ये घालायचा, मग एक रंगीत, मग पुन्हा लाल. लालचा एक गुण, रंगीतांचे पिवळ्याच्या दोनपासून काळ्याच्या सातपर्यंत. लाल गेला तो गेला. रंगीत मात्र पंच काढून पुन्हा त्याच्या ठरलेल्या जागी ठेवतो. लाल संपले की रंगीत एकेक करून क्रमानं. लाल मारायची पाळी असताना रंगीत चेंडू मारला तर दंड, आणि खेळ समोरच्याच्या हाती.

नंदूभाऊंचं दुकान बाजारपेठेत होतं. वडिलांचं जुनं मॅचिंग सेंटर. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकराचं कापड. छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर ठाण. मानोरा, धनज, शेलूबाजार, कुठून कुठून बायका साडी पिशवीत घालून येत. लग्नसराईत पायरीवर चपला मावत नसत. साडी समोर आली की नंदूभाऊ ती दोन्ही हातांनी पसरत, काठ पाहत, पदर पाहत आणि मग आतल्या बाजूला बसलेल्या बायकोला हाक मारत, "शोभा, पाय वं जरा, काय शोभन हिले?"

शोभावहिनी जागेवरून सांगत, "तिसरी फळी, डावीकडून चौथं ठाण."

नंदूभाऊ हात घालत आणि नेमकं तेच काढत. बायका खूश. "असा नवरा पाह्यजे," असं मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. "बायकोले विचारल्याशिवाय कात्री नाई लावत."

क्लबमध्ये त्यांचं दुसरं रूप. संध्याकाळी दुकान वहिनींवर सोपवून ते तासभर येत आणि खेळ सुरू होण्याआधी टेबलावर एखादी जुनी फ्रेम मांडत. स्पर्धात्मक बिलियर्ड्स आणि स्नूकर यांचा सगळा इतिहास त्यांच्या तोंडी होता, आणि नुसता सांगून त्यांचं भागत नसे. जगज्जेतेपदाचा तो अंतिम सामना, ज्यात आठ-शून्य अशी आघाडी घेतलेल्या बलाढ्य खेळाडूला मोठ्या काचांचा चष्मा लावणाऱ्यानं गाठत गाठत शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या चेंडूपर्यंत आणलं, तो त्यांनी कितीदा मांडला असेल. काळा कुठे होता, पांढरा कुठे, सगळं जागच्या जागी. मग क्यू एखाद्याच्या हातात देऊन म्हणत, "मार." तो मारी. चेंडू सहज पॉकेटमध्ये जाई.

"गेला ना? अन् थ्या माणसाचा नाई गेला. जगातला एक नंबर. काहून नाई गेला?"

"दबाव," कुणीतरी म्हणे.

"अन् ज्याचा गेला थो अख्ख्या सामन्यात एकदाही पुढं नव्हता. एकदाही नाई. पुढं गेला थो शेवटच्या चेंडूवर." एवढं बोलून ते काळा पॉकेटमधून काढून पुन्हा जागेवर ठेवत. सांगण्याची पद्धत अशी की निकाल माहीत असूनही सगळे टेबलाजवळ सरकत.

साडेपाच मिनिटांच्या आत एकशेसत्तेचाळीस, म्हणजे एका पाळीतले जास्तीत जास्त, गुण करून टेबल साफ करणाऱ्या खेळाडूची गोष्ट ते टेबलाभोवती तसेच भराभर चालत सांगत. सांगून होईपर्यंत धाप लागे. आणि बिलियर्ड्सबद्दल बोलताना आवाज उतरे. ते मुळात बिलियर्ड्स शिकलेले. एकट्यानं खेळायच्या खेळात आपल्या देशाला पहिलं जागतिक विजेतेपद बिलियर्ड्सनं दिलं, हे क्लबमधल्या प्रत्येक नव्या सभासदाला ऐकावं लागे.

"बिलियर्ड्समध्ये चेंडू तीन. पांढरा, पिवळा, लाल. आटोपशीर संसार. मंग जबलपूरच्या छावणीत, आपल्या नागपूरच्या वरतं, एका इंग्रज साहेबाले पावसाळ्यात काई धंदा नव्हता. त्यानं काय केलं? रंगाचे चेंडू वाढवले. झालं स्नूकर. बसायचं होतं ना बाप्पा गुपचूप! भजे खायचे होते!"

सगळे हसत. आमच्या क्लबात बिलियर्ड्स खेळणारं मग कुणी उरलं नाही, म्हणून तेही स्नूकरकडे वळले.

आणखी एक गोष्ट ते सांगत. एका नावाजलेल्या खेळाडूनं मोठ्या सामन्यात लाल समजून तपकिरी चेंडू पॉकेटमध्ये घातला. त्याला लाल आणि तपकिरी वेगळे दिसतच नसत. ही गोष्ट नंदूभाऊ हसत हसत सांगत आणि सांगताना टेबलाकडे न पाहता ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे पाहत. कृषी केंद्रवाले बाबाराव दर वेळी मांडीवर थाप मारून म्हणत, "आंधळा होता का बे तो?" नंदूभाऊ म्हणत, "तेच तं."

खेळाडू म्हणून नंदूभाऊंचं नाव जितकं मोठं, तितकीच त्यांची एक ख्याती वाईट. ऐन वेळी कच खातात. जिल्हा निवडीचा अंतिम सामना ते तीनदा खेळले आणि तिन्ही वेळा हरले. त्यातल्या एका सामन्यात मी गुण लिहायला होते. सामना हातात होता. लाल चेंडू घ्यायचा होता. नंदूभाऊ वाकले, सुंदर फटका मारला, आणि पॉकेटमध्ये गेला तो तपकिरी. दंड. समोरच्यानं पुढचं सगळं आटोपलं. हॉलमधून उसासा निघाला. बाबाराव म्हणाले, "नंदूभाऊ, तुमाले ना शेवटाले घाम फुटते. काळीजच लहान हाय तुमचं."

"हो ना राजेहो," नंदूभाऊ म्हणाले. "हात थरथरला."

हात थरथरला नव्हता. मी पाहिलं होतं. माझ्या टिपणात मी 'चुकीचा चेंडू' एवढंच लिहिलं, पण ते मनात राहिलं. ज्याचा हात थरथरतो त्याचा चेंडू पॉकेट चुकतो. यांचा मधोमध गेला होता.

उलगडा झाला तो दुकानात. भाचीच्या साखरपुड्यासाठी मी गर्द हिरवी साडी घेतली होती आणि कार्यालयातून परस्पर ब्लाउजपीस घ्यायला गेले. भर दुपार, दुकानात कुणी नाही, आणि शोभावहिनी माहेरी शेलूबाजारला गेलेल्या. नंदूभाऊंनी साडी पसरली. सवयीनं आत हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग फळ्यांकडे वळून बराच वेळ उभे राहिले. एक ठाण काढलं, साडीवर ठेवलं, आणि म्हणाले, "घ्या मॅडम. एका जिवाचे दिसतात."

ठाण तपकिरी होतं. चॉकलेटसारखं तपकिरी.

"नंदूभाऊ, साडी हिरवी आहे."

त्यांनी कापडाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मला एका क्षणात सगळं कळलं: ते उभं राहणं, ती टेबलावर खिळलेली नजर, माझा हातमोजा चेंडू घेऊन जिकडे जाईल तिकडे वळणारी मान. ते एकाग्र होत नसत. ते तपकिरी चेंडूवर पाळत ठेवत. तो जागेवरून हलला की कुठे जाऊन थांबला हे डोळ्यांत धरून ठेवत, कारण नजर सुटली की लाल चेंडूंत तो त्यांना परत सापडणार नव्हता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"जन्मापासून. हिरवं, तपकिरी, लाल. उजळ असले तं अंदाज येते. गर्द झाले की सारे एकच." त्यांनी ठाण गुंडाळून जागेवर ठेवलं. "वडिलाले माहीत होतं. त्यांनी फळ्या पाठ करून घेतल्या माह्याकडून. मंग शोभा आली. आता तुमी."

"शोभावहिनींना लग्नाआधी सांगितलं होतं?"

"तिले पायाले गेलो तवाच सांगतलं. थे म्हणे, चालते. मले साड्या आवडतात, मीच निवडीन." ते थोडं हसले, आणि लगेच थांबले. "मॅडम, कोणाले बोलू नका. मॅचिंगवाल्याले रंग दिसत नाई म्हटल्यावर दुकानाची पायरी कोण चढन?"

मी बोलणार नव्हते. पण मला नियम माहीत होता, आणि माहीत असलेला नियम दाबून ठेवणं मला जमत नाही. "खेळात सोय आहे," मी म्हटलं. "रंग न ओळखू येणाऱ्या खेळाडूनं विचारलं तर पंचानं चेंडूचा रंग सांगितलाच पाहिजे. पंच कुणीही असो. मात्र विचारल्याशिवाय सांगायचा नाही. एक अक्षर नाही."

"म्हणजे मी हॉलात साऱ्याइच्या समोर विचारायचं."

"हो."

"अन् उद्या थ्यायच्याच बायकाइले ब्लाउजपीस इकायचे." त्यांनी साडीची घडी घातली. "त्यापेक्षा काळीज लहान हाय हेच बरं हाय."

यंदाच्या उन्हाळ्यात जिल्हा निवडीचा अंतिम सामना पुन्हा आमच्या क्लबात झाला. जिंकणारा राज्य स्पर्धेला जाणार. एका बाजूला पन्नाशी पार केलेले नंदूभाऊ, दुसऱ्या बाजूला वाशिमचा अंकुश. पोरगा वेगवान, हुशार, थोडा उर्मट. फटका मारला की चेंडू पडायच्या आधीच क्यूच्या टोकाला लावायचा खडू खिशात टाकून पुढच्या जागेकडे चालू लागायचा. जिल्ह्यात परीक्षा दिलेली पंच मी एकटी, म्हणून पंच मी. मी नंदूभाऊंच्याच क्लबची, म्हणून अंकुशची हरकत नाही ना, हे मी आधी विचारून घेतलं होतं.

नंदूभाऊंनी मला सकाळीच सांगितलं होतं, "हे शेवटचं. गुडघे दुखून राह्यले. यंदा नाई झालं तं बिलियर्ड्सचे तीन चेंडू घेऊन घरी बसीन."

पाच फ्रेमचा सामना. दोन-दोन झाले. पाचव्या फ्रेमला हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, पंखे नुसते गरम हवा ढवळत होते. नंदूभाऊंचा सदरा पाठीला चिकटला होता. ते एकदाही बसले नव्हते. तपकिरी चेंडू फ्रेमच्या निम्म्यावरच जागेवरून हलला होता आणि लाल चेंडूंच्या बाजूला जाऊन पडला होता. त्यांची नजर त्याच्यावर दोरीनं बांधल्यासारखी होती. त्यामुळे मलाही तेच दिसत होतं. टेबलावर मला बाकी सगळं पाहायचं होतं, पण डोळे पुन्हा पुन्हा तपकिरीकडे जात.

शेवटी तीन लाल उरले. अंकुश चोवीस गुणांनी पुढे. त्यानं एक लाल पॉकेटमध्ये घातला, मग निळा घ्यायला जोरात फटका मारला. निळा चुकला आणि पांढरा चेंडू उरलेल्या दोन लाल आणि तपकिरीच्या घोळक्यावर जाऊन आदळला. तिन्ही गर्द चेंडू फुटून तीन दिशांना सुटले.

त्याच क्षणी दारातून बाबारावांचा आवाज आला, "नंदूभाऊ! वैनी आल्या! बस्त्याचे पाहुणे संग घेऊन आल्या!"

नंदूभाऊंनी मान वळवली.

फक्त एकदा. दारात शोभावहिनी उभ्या होत्या. त्या क्लबमध्ये आजवर कधी आल्या नव्हत्या. मागे धनजचा एक वयस्क गृहस्थ, पांढरी टोपी, मुलीच्या लग्नाच्या बस्त्यातल्या साड्यांवर ब्लाउजपीस घ्यायला सगळं घर घेऊन आलेला. दुकानात बसून कंटाळून 'मालक कुठं आहे ते तरी पाहू' म्हणून वहिनींबरोबर आलेला. नंदूभाऊंनी पुन्हा टेबलाकडे पाहिलं तोवर चेंडू थांबले होते.

पाळी त्यांची होती. ते टेबलाजवळ आले आणि थबकले.

एक गर्द चेंडू मधल्या पॉकेटच्या तोंडाशी होता, आंधळ्यानंही घालावा इतका सोपा. दुसरा टेबलाच्या वरच्या कडेच्या गादीला चिकटलेला, अवघड. तिसरा लांब, मोकळ्यावर. पॉकेटच्या तोंडाशी होता तो तपकिरी. ते मला दिसत होतं. अंकुशला दिसत होतं, आणि तो खुर्चीत पाय पसरून निवांत बसला होता. हॉलमधल्या सगळ्यांना दिसत होतं. नंदूभाऊंना नव्हतं.

ते त्या सोप्या चेंडूवर वाकले. क्यू लावला. मागेपुढे केला. माझ्या हातमोज्याच्या आत घाम आला. मी त्यांच्याकडे पाहणंही चूक ठरलं असतं, म्हणून मी गुणफलकाकडे पाहू लागले. मी खोकले असते तरी तो इशारा झाला असता.

ते उठून उभे राहिले. टेबलाला फेरी मारली. पुन्हा वाकले. पुन्हा उठले.

"मारा ना नंदूभाऊ," बाबाराव म्हणाले. "तोंडाशी तं हाय."

"सुटला घाम," मागून कुणीतरी म्हणालं. हसू पसरलं.

शोभावहिनींच्या लक्षात आलं. त्यांनी नवऱ्याला आयुष्यभर फळ्यांसमोर असंच उभं राहिलेलं पाहिलं होतं. त्या एक पाऊल पुढे आल्या आणि त्यांचे ओठ हलले. एक शब्द पुरे होता. घरात, दुकानात रोज सांगत तसा. नंदूभाऊंनी त्यांच्याकडे न पाहता डावा पंजा वर केला. वहिनी तिथेच थांबल्या.

मग ते माझ्याकडे वळले.

"पंच," ते म्हणाले. मॅडम नाही म्हणाले. "हा पॉकेटपाशी हाय थो चेंडू कोणत्या रंगाचा हाय?"

हॉलमध्ये काही क्षण कुणाला प्रश्नच कळला नाही. मी तोंड उघडलं तेवढ्यात अंकुश उठला. "एक मिनिट मॅडम. असं कसं विचारता येते? मी बी विचारू का मंग, पॉकेट कुठी हाय म्हणून?" पुन्हा हसू.

"रंग ओळखू न येणाऱ्या खेळाडूनं विचारलं तर सांगायचा नियम आहे," मी म्हटलं.

"तं थे आहेत का तसे? इतके वर्षं खेळून राह्यले. कापडाचं दुकान हाय त्यायचं!"

हरकत बरोबर होती. आणि त्यामुळे पुढचा प्रश्न मलाच विचारावा लागणार होता, मोठ्यानं, धनजच्या त्या गृहस्थासमोर, ज्यांच्या बायका दुकानात ब्लाउजपीस नेतात त्या सगळ्या पुरुषांसमोर. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. ते डोळ्यांनी 'विचारू नका' म्हणाले असते, तर मी गप्प राहिले असते आणि त्यांनी अंदाजानं फटका मारला असता.

"नंदूभाऊ, तुम्हाला रंग ओळखू येत नाहीत का?"

"नाई येत," ते म्हणाले. आवाज स्वच्छ होता. "लाल, हिरवा अन् तपकिरी. जन्मापासून."

बाबारावांचं तोंड उघडं होतं. धनजच्या गृहस्थानं टोपी काढली, हातात धरली आणि शोभावहिनींकडे पाहिलं. वहिनी बाकावर बसल्या. अंकुश हळूच खुर्चीत टेकला.

"तपकिरी," मी सांगितलं.

"अन् थो वरचा?"

"लाल."

"बरं."

ते गादीला चिकटलेल्या त्या अवघड लाल चेंडूकडे गेले. आता कुणी हसत नव्हतं. फटका इतका हळू होता की चेंडू गादीच्या कडेनं सरपटत गेला, पॉकेटच्या तोंडाशी जरा थांबल्यासारखा झाला आणि पडला. मग नंदूभाऊ सरळ झाले, मधल्या पॉकेटजवळच्या चेंडूकडे क्यू करून म्हणाले, "आता तपकिरी," आणि तो घातला. मी तो काढून त्याच्या जागेवर ठेवला. तिथे तो त्यांना ओळखता येणार होता. पुढचा लाल गेला, काळा गेला. पिवळा चुकला. अंकुशनं पिवळ्यासाठी प्रयत्न केला. फटका त्यानं घाईनं मारला, तोही हुकला. मग नंदूभाऊंनी पिवळा, हिरवा, तपकिरी, निळा असे क्रमानं घेतले, प्रत्येकाच्या मध्ये क्यूला खडू लावत, कसलीही घाई नाही. गुलाबी गेला तेव्हा ते आठ गुणांनी पुढे होते आणि टेबलावर सात गुणांचा काळा तेवढा उरला होता. अंकुश उठून आला आणि त्यांचा हात हातात घेतला. "काका, मी हरकत घेतली थे—"

"घ्यायचीच असते बे," नंदूभाऊ म्हणाले.

हॉल रिकामा झाल्यावर मी चेंडू पुसून पेटीत ठेवत होते. दोघं नवराबायको बाकावर बसली होती. धनजचे पाहुणे निरोप न घेता निघून गेले होते. ते त्या संध्याकाळी दुसऱ्या दुकानात गेले, हे आम्हाला नंतर कळलं.

"माह्याकडं पाहाचं होतं ना," वहिनी म्हणाल्या. "मी सांगतच होती."

"तुले विचारलं असतं तं खेळ तुहा झाला असता."

"अन् आता दुकान?"

नंदूभाऊ गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि वहिनींना हात दिला.

पुढचे दिवस वाईट गेले. लग्नसराई ऐन भरात, आणि पायरीवर दोन चपला. दुकानावरून जाताना बायका आत डोकावत, जणू तिथे काही अपघात झाला होता. बाबारावांनी दोनदा विनोद केला. तिसऱ्यांदा त्यांच्याच बायकोनं त्यांना सगळ्यांसमोर गप्प केलं. "वीस वर्षं त्यायच्याकडचेच ब्लाउज घालून राह्यली मी. एकदा तरी रंग चुकला का? तुमाले तं घरातली मोरी दिसत नाई!" नंतर त्या स्वतः साडी घेऊन दुकानात गेल्या. हळूहळू दुसऱ्या येऊ लागल्या. काही आल्याच नाहीत. मी नंदूभाऊंना सुचवलं, फळ्यांवर रंगांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावा, मी लिहून देते, सगळा माल एका दुपारी होईल.

"लावू नका," ते म्हणाले. "मंग शोभाशी बोलायले काय राहीन मले?"

राज्य स्पर्धेत ते पहिल्याच फेरीत हरले. परतल्यावर त्यांनी सामन्याबद्दल फार सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की तिथल्या पंचाला पहिल्या फ्रेमपासून विचारत गेलो आणि त्यानं दर वेळी सांगितलं, जसं वेळ सांगतात तसं. आणि कितीतरी वर्षांनी समोरचा खेळत असताना मी खुर्चीत बसलो, चहा प्यालो. "गार नाई, गरम," हे त्यांनी मुद्दाम सांगितलं.

पावसाळ्याआधी माझी बदली झाली. सामान पुढे गेलं होतं. मी यजमानांबरोबर गाडीनं निघाले आणि बाजारपेठेत गाडी अडकली. नंदूभाऊंच्या दुकानासमोर एक जीप आडवी उभी होती. शेलूबाजारकडचं कुठलं तरी लग्नघर असावं. जीपच्या बॉनेटवर एक साडी उन्हात पसरली होती आणि तिच्याभोवती सात-आठ बायका, दोन पुरुष, एक नवरी. शोभावहिनी पायरीवर उभ्या. मध्यभागी नंदूभाऊ. एका हातात ब्लाउजपीसचं ठाण, दुसऱ्या हातात कात्री.

"हा रंग रामा हाय," एक बाई म्हणत होती.

"रामा कायचा? मोरपंखी हाय धडधडीत."

"तुमाले दोघीइलेही दिसत नाई. हिरवाच हाय, जरासा निळ्याकडं."

नवरी म्हणाली, "मले तं हा निळाच दिसून राह्यला." त्यावर सगळ्या एकदम बोलू लागल्या. शोभावहिनीही पायरीवरून उतरल्या आणि त्यांचं चौथंच मत सांगू लागल्या.

नंदूभाऊ एकेकीच्या तोंडाकडे पाहत होते, मान डोलावत होते, आणि कात्रीचं तोंड उघडून कापडाच्या कडेवर टेकवलेलं होतं. "ठरवा लवकर," ते म्हणाले. "तुमचं ठरलं की मी कापतो."

जीपवाल्यानं गाडी थोडी मागे घेतली. आम्हाला वाट मिळाली. मी मागच्या काचेतून पाहत राहिले. कात्री अजून तशीच धरलेली होती.